सहा महिन्यांची आजी

ऐकलं का? डॅलसवाल्या वहिनींच्या नातवाला पाळणाच नाही!

खोटं वाटेल, पण परवाच्या भिशीत त्यांनी स्वतः फोटो दाखवला. चारी बाजूंनी लाकडी गज, आत ना उशी, ना दुलई, ना दुपट्याची घडी, आणि मधोमध सव्वा महिन्याचं लेकरू उताणं. फोन आठ जणींच्या हातांतून फिरला. सुशिल्याच्या बशा तशाच राहिल्या. "आगं बाई, डोकं चपटं होईल की त्याचं!" अक्का म्हणाल्या. वहिनींनी सुस्कारा सोडला. "मोहरीची उशी नेली होती हो मी. सुनेनं हात जोडले. म्हणाली, आई, एवढं सोडून काय वाटेल ते सांगा."

आता मला विचाराल तर सून बरोबर होती. बाळाला उताणं झोपवा, अंथरुणात काही ठेवू नका, ही मोहीम अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या लेकरांचं प्रमाण पुढं निम्म्याच्या आसपास उतरलं. शिवाय पहिले सहा महिने तरी बाळ आईबापांच्याच खोलीत असावं, फक्त अंथरूण वेगळं असावं, असं तिथले डॉक्टर सांगतात. हे सगळं मी भिशीत वाचून दाखवलं. ऐकलं कुणी नाही. "आपली पोरं काय पिंजऱ्यात वाढली का?" एवढ्यावर ठराव मंजूर झाला.

बीडमध्ये आमच्या गल्लीत आता कुणाला आडनाव राहिलेलं नाही. पूर्वी बाईची ओळख माहेरच्या गावावरून असायची: केजवाली, परळीवाली, गेवराईवाली. आता ती नातवंडाच्या गावावरून असते. डॅलसवाल्या वहिनी, म्युनिकवाल्या काकू, एडिसनच्या मावशी. ज्यांची लेकरं पुण्यात हिंजवडीला आहेत त्यांना भिशीत बोलायला विषयच नसतो, बिचाऱ्या चहा करतात.

सगळ्यांत गाजलं ते एडिसनच्या मावशींचं धुरीप्रकरण. लेकीचं बाळंतपण. मावशींनी नेमानं तेल लावलं, गरम पाण्यानं न्हाऊ घातलं आणि तव्यावर निखारे नाहीत म्हणून स्टीलच्या वाटीत कोळसा पेटवून त्यावर ओवा टाकला. बाळंतिणीला धुरी नको का? ओव्याचा धूर जेमतेम छतापर्यंत पोचला आणि छतावरचं यंत्र जे किंचाळलं ते अख्ख्या इमारतीला घेऊन किंचाळलं. थंडीत चाळीस-पन्नास माणसं पार्किंगमध्ये. मधोमध डोक्याला फडकं बांधलेली ओली बाळंतीण आणि हातात वाटी घेतलेल्या मावशी. दोन मिनिटांत बंब हजर. बंबावरच्या धिप्पाड माणसानं वाटीत नाक घालून वास घेतला नि काहीतरी विचारलं. मावशींना इंग्रजी येत नाही. त्यांनी उत्तर दिलं, "ओवा हाय बाबा, वातावर चांगला असतो."

गुटीचं तर विचारूच नका. सहाण नेली, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, वेखंड सगळं पुडीत बांधून नेलं. तिथं कळलं की वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, आणि वेखंडाला तर अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं १९६८ सालीच खाण्याच्या पदार्थांतून हद्दपार केलंय. मावशी म्हणतात, "माझी तीन पोरं वेखंडावर वाढली, त्यातला एक त्यांच्याच देशात नोकरीला ठेवलाय त्यांनी."

आणि नाव! आमच्याकडं बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात कुर्र करणार, तेव्हा ते जगाला कळणार. तिथं दवाखान्यातून घरी सोडायच्या आधीच जन्मदाखल्याचा कागद पुढं येतो, घाला नाव. म्हणजे सरकारला आधी कळतं, आत्याला मागनं. आत्या आपली बीडहून व्हिडिओवर कुर्र करते, बाळाच्या कानाला फोन लावलेला. नाव तरी कसलं, तर आजीला उच्चारता यावं आणि शाळेतल्या बाईंनाही. ज्ञानेश्वर बाद, वैजनाथ बाद, योगेश्वरी तर पहिल्याच फेरीत बाद. उरतं काय? कियान, रेयान, मायरा. एकाच वर्षात आमच्या गल्लीनं जगाला तीन कियान दिले.

म्युनिकवाल्या काकूंची तक्रार निराळी. त्यांना जर्मनीत तीनच महिने मिळतात. दर १८० दिवसांत ९० दिवस, त्यापुढं एक दिवस नाही. त्या तीन महिन्यांत तेरा रविवार आणि रविवारी आवाज करायचा नाही. काकूंनी डिंकाच्या लाडवांसाठी रविवारी खारका कुटायला घेतल्या. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं जिना चढून येऊन, अगदी नम्रपणे, खलबत्त्याकडं बोट दाखवलं. गंमत अशी की त्याच देशात २०११ पासून कायद्यानं ठरवलंय की पाळणाघरातल्या आणि खेळाच्या मैदानातल्या लेकरांच्या कलकलाटाला उपद्रव मानायचं नाही. लेकरानं बोंबललेलं चालतं, आजीनं कुटलेलं नाही.

तिथं सरकार दर लेकरामागं महिन्याला पैसे देतं, २०२५ साली २५५ युरो. हे ऐकून भिशीत दोन मिनिटं शांतता पसरली. गाडीत बसवायची खास खुर्ची बारा वर्षांचं होईस्तोवर किंवा दीडशे सेंटिमीटर उंची भरेस्तोवर लागते. (काकू स्वतः १४८ भरतात. वयानं सुटल्या.) आणि पाऊस पडायला लागला की पाळणाघरातल्या बाई लेकरांना आत घेत नाहीत, उलट चिखलात खेळायची रबरी विजार चढवून बाहेर सोडतात! चिखलात लोळायला वेगळा पोशाख. काकूंना धक्का विजारीचा बसला. मला बसला तो रोज पाऊस पडतो याचा.

तर लोक बोलतात, नावं ठेवतात आणि पासपोर्ट काढतात. हेच खरं वेड. बासष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, बेचाळीस डिग्रीच्या उन्हात सुभाष रोडला थर्मलची चौकशी करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. आमच्या गल्लीचा एक सामाईक जाड कोट आहे, चार जणींच्या अंगावर अमेरिका बघून आलेला. मानेची उशी सामाईक. बॅग तोलायचा हुकाचा काटाही सामाईक, तो नेहमी कुणाच्या ना कुणाच्या घरी अडकलेला असतो.

अमेरिकेच्या व्हिसासाठी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई गाठायची, वांद्रे-कुर्ला संकुलात रांग लावायची. माणशी १८५ डॉलर फी, नाही म्हणाले तरी परत नाही. एजंटानं पढवलेलं असतं, नातू सांभाळायला चाललो असं म्हणू नका, फिरायला चाललो म्हणा. डॅलसवाल्या वहिनींनी "नायगारा" हा शब्द आठ दिवस घोकला. काचेपलीकडच्या गोऱ्या पोरीनं विचारलं तेही चक्क मराठीत, "कशाला चाललात आजी?" आजी म्हटल्यावर वहिनी विरघळल्या. "लेकरू लहान आहे हो," म्हणून मोकळ्या. शिक्का बसला. दहा वर्षांचा व्हिसा, पण एका खेपेला राहायचे साधारण सहाच महिने.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. आता माहेरच दोन बॅगा भरून लेकीकडं जातं. आधी मुलीची आई सहा महिने, ती निघाली की मुलाची आई सहा महिने. विहिणीविहिणींची भेट विमानतळावर, तीही बाळाच्या औषधाच्या वेळा सांगण्यापुरती. मानपान, रुसवेफुगवे सगळं बंद. शिफ्ट बदलताना कारखान्यात कोण रुसतं? कॅनडावाल्यांची तर आणखी तऱ्हा. तिथं आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा म्हणून आहे, २०२२ पासून एका दमात पाच वर्षं राहता येतं. "पाच वर्षं? जन्मठेपच की!" अक्कांनी कानावर हात ठेवले.

हे का होतं तेही सांगते, नाहीतर म्हणाल नुसत्याच चुगल्या. आपल्याकडं नोकरदार बाळंतिणीला २०१७ पासून २६ आठवडे पगारी रजा आहे. अमेरिकेत देशभराच्या कायद्यानं मिळते ती १२ आठवडे, १९९३ पासून तेवढीच, आणि तीही बिनपगारी. पुढं पाळणाघराचं बिल महिन्याला हजार-दोन हजार डॉलर. मग तिसऱ्या महिन्यात सून लॅपटॉप उघडते तेव्हा बाळ कुणाच्या मांडीवर? जगातल्या सगळ्यांत श्रीमंत देशाची रजा बीडच्या म्हाताऱ्या भरून काढतात, नि वर आपल्याच पिठाची भाकरी खातात.

आजोबांचे हाल मात्र कुत्रं खात नाही. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला माणूस, चौकात चार नमस्कार घेतल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही, तो तिथं बाबागाडी ढकलत निर्मनुष्य रस्त्यावरून फिरतो. सोबत नेलेल्या कालनिर्णयावर रोज एक काट.

मागच्या दसऱ्यानंतर वहिनी दुसऱ्या खेपेला निघाल्या. त्यांना नगर रोडला सोडायला मीही गाडीत होते. गाडी अडली. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत अख्खे संसार: पत्र्याच्या पेट्या, सरपण, बाजलं, दोन शेळ्या, पिशवीतनं मान काढलेली कोंबडी. ऊसतोडीची टोळी. आमच्याच जिल्ह्याची माणसं, दरवर्षी याच दिवसांत कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत जातात. गाठोड्यांच्या अगदी वर दोन वर्षांचं एक पोर ऐटीत बसलं होतं. खुर्ची नाही, पट्टा नाही. त्यांचा पट्टा पडतो तो मार्च-एप्रिलात, कारखान्याचं गाळप संपलं की.

वहिनी काचेतून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांचे बी सहाच महिने की गं." मी म्हटलं, उचलही आहेच; तुमचं तिकीट लेकानं आधी काढलंय, आता फेडा नातू सांभाळून. हसलो दोघी, पण फार वेळ नाही. त्या ट्रॉलीतली माणसं हौसेनं चाललेली नव्हती. आणि त्यांची शाळेत जाणारी मोठी लेकरं ट्रॉलीत नव्हतीच. काही हंगामी वसतिगृहात राहतात. २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजना आहे, त्यात काही. बाकीची गावात, आजीपाशी. एका आजीला लेकरासाठी विमानात बसावं लागतं, दुसरीला लेकरासाठी मागं राहावं लागतं. वहिनींनी काच खाली करून त्या पोराला बिस्किटाचा पुडा दिला. मग ट्रॅक्टरनं बाजू दिली आणि आम्ही पुढं गेलो.

आता शेवटची बातमी, आणि ही कुणाला सांगू नका. तिकडं मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळा असतात. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ सालची. तिच्या शाळांना पुण्याच्या भारती विद्यापीठाचा अभ्यासक्रम. शिकवणाऱ्या बाई बहुतेक पुण्या-मुंबईकडच्या, 'ण' आणि 'न' तोलून बोलणाऱ्या. मावशींची थोरली नात, वय सहा, जन्म तिथला, पासपोर्ट निळा. बाईंनी विचारलं, बाळा, गृहपाठ का नाही केलास? नात उभी राहिली नि खणखणीत म्हणाली, "कामून करू? लई झोप यायली होती." वर्ग शांत. बाईंनी संध्याकाळी फोन केला, मुलीला अशी भाषा कोण शिकवतं? मावशी पलीकडून म्हणाल्या, "मी. सहा महिन्यांत एवढीच झाली, पुढच्या खेपेला आणखी शिकवीन."

भिशीत टाळ्या पडल्या. म्युनिकवाल्या काकूंनीही आपल्या नातवाला बोरन्हाण कसं घातलं ते सांगितलं. बोरं मिळेनात म्हणून ब्लूबेरी आणि चॉकलेटच्या गोळ्या डोक्यावरून ओतल्या, हलव्याचे दागिने पुण्याहून कुरिअरनं मागवले होते. ब्लूबेरीचे डाग गालिच्यावरून अजून गेलेले नाहीत. अक्का म्हणाल्या, "काय बाई एकेकीची थेरं!" मीही मान डोलावली.

पुढची भिशी खरं तर माझ्याकडं होती, ती अक्कांकडं होईल. धाकट्या सुनेला आठवा लागलाय, आमचं विमान पुढच्या महिन्यात. खारोड्या वाळल्यात, ज्वारीचं पीठ दळून आलंय, कारळ्याची चटणी झालीय. मोहरीची उशी मी शिवलेली नाही. म्हणजे शिवलीय, पण तळाशी ठेवलीय. सामाईक काटा ज्यांच्या घरी अडकलाय त्यांनी आज संध्याकाळपर्यंत आणून द्यावा. एका बॅगेत तेवीस किलो चालतात, माझी न्हाणीघरातल्या काट्यावर पंचवीस भरतेय, आणि येसर काढायला मी तयार नाही.