खंड ओलांडायला निघालेली सायकल: नवशिक्या नगरकरांसाठी प्राथमिक पाठ

चांगल्या कामासाठी सायकलवरून एखादा खंड ओलांडावा असं मनात येणं हा आजार नव्हे, हे आधी घरच्यांना पटवून द्यावं. दाखले भरपूर आहेत. 1923 साली मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून 1928 साली परतले. डिसेंबर 1985 मध्ये बाबा आमट्यांच्या 'भारत जोडो'त तरुण मुलंमुली कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकली मारत निघाली. बाबा स्वतः मणक्याच्या दुखण्यामुळे गाडीत आडवे पडून त्यांच्या सोबत होते. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन 2015 साली 'रेस अक्रॉस अमेरिका'त उतरले आणि एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंतचं सुमारे 4800 किलोमीटरचं अंतर दोघांनी मिळून नऊ दिवसांच्या आत संपवलं. संघाच्या नावातच 'व्हिजन फॉर ट्रायबल्स' होतं. आणि नगरपुरतं बोलायचं तर 2021 साली स्नेहालयाच्या पुढाकाराने सद्भावना सायकल यात्रा इथून निघून बांगलादेशातल्या नोआखलीला गेली. गांधीजी 1946-47 मध्ये जिथे गावोगाव पायी फिरले, त्याच नोआखलीला. हे सगळं ऐकून आई फक्त म्हणेल, "त्यांच्या घरी कुणी काही बोललं नाही का?" याचं उत्तर या पाठात नाही.

पायरी पहिली: सायकल

सायकल घ्यायला एकट्याने जावं. नगर हे गाड्यांतलं कळणारं गाव आहे. इथे लष्कराच्या वाहनांच्या चाचण्या घेणारी व्हीआरडीई आहे, रणगाड्यांची शाळा आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. त्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल प्रत्येक नगरकराचं ठाम मत असतं आणि ते तो दुकानातच मांडतो. एक म्हणेल कार्बनची घे, बोटावर उचलते. दुसरा म्हणेल आजोबांची काळी सायकल काढ, तिच्यावर गव्हाचं पोतं यायचं. दोघांना चहा पाजून वाटेला लावावं आणि पोलादी फ्रेमची, रुंद टायर बसणारी, मागे-पुढे कॅरिअरसाठी भोकं असलेली सायकल घ्यावी. पोलादी फ्रेम तडकली तर ट्रॉलीचा हूक जोडणारा वेल्डर तीही जोडतो. कार्बनची तडकली तर तो आधी ती हातात घेऊन किती हलकी आहे याचं कौतुक करतो आणि मग हात जोडतो.

चाकाच्या मापाबाबत या पाठाचा नियम एकच: आठवड्याच्या बाजारात ज्या मापाची ट्यूब मिळते, ते माप आपलं. सव्वीस इंची मिळते. काळ्या सायकलीची अठ्ठावीस इंची मिळते. रेसिंगच्या सातशे मापाची ट्यूब मागितली तर दुकानदार सातशे रुपयांची समजून गल्ल्यावरून उठून उभा राहतो. वॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाडा घ्यावा. त्यात ट्रॅक्टरची हवा भरणारा पोऱ्याही हवा भरून देतो. फक्त तो ट्रॅक्टरच्या हिशेबाने भरत नाही ना, इकडे लक्ष असू द्यावं.

पायरी दुसरी: मिस्त्री

आता खरं काम. सायकल मिस्त्रीकडे न्यायची आणि "जरा बघा" असं म्हणायचं नाही. 'जरा बघा' म्हटलं की तो घंटीला तेल देतो. काय-काय करायचं ते नेमकं सांगावं.

दोन्ही चाकांचा आऊट काढायचा. मागच्या चाकाचे स्पोक एकेक करून बोटांत दाबून बघायचे आणि ढिले असतील ते आवळून घ्यायचे, कारण सामान मागे असतं आणि स्पोक तुटायचा तर मागचा, तोही फ्रीव्हीलच्या बाजूचा, म्हणजे फ्रीव्हील काढल्याशिवाय बदलता येणार नाही असाच तुटतो. तो स्वभाव जगभर सारखा आहे. म्हणून त्या मापाचे चार-सहा स्पोक फ्रेमच्या नळीला टेपने चिकटवून न्यावेत आणि फ्रीव्हील उघडायचा पाना पिशवीत टाकावा. पाना नसलेला स्पोक म्हणजे फक्त तार.

चेनची परीक्षा पट्टीने होते. बारा पूर्ण कड्या नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंच भरतात. त्या एक सोळांश इंचाने जास्त भरल्या की चेन बदलावी. एक अष्टमांश भरल्या तर चेनने तोवर फ्रीव्हीलचे दातही खाल्लेले असतात आणि खर्च दोन्हींचा होतो. मिस्त्री म्हणेल, "अजून वर्षभर चालंल भाऊ, काय होत नाही." त्याचं खरं आहे. दूध घालायला जाणाऱ्या सायकलीवर ती वर्षभर चालेल. तुमची सायकल वर्षभराचं दूध एका महिन्यात घालणार आहे.

तेल किती घालावं याबद्दल दोन पंथ आहेत आणि एक चुकीचा आहे. चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब टाकून वरचं फडक्याने पुसून टाकणारा पंथ बरोबर. बाटली उपडी करणाऱ्यांच्या चेनवर सुप्यापर्यंतच काळी चटणी जमते आणि पुढचा सगळा प्रवास ती चटणी दात घासत बसते.

सीटबद्दल कुणाचंही ऐकू नये, विशेषतः मऊ सीटची शिफारस करणाऱ्याचं. मऊ गादी पहिल्या तासात सुख देते आणि नंतर नको तिथे रुतते. सीटची उंची मात्र मोजून घ्यावी: सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप राहतो. यावर शेजारचे काका "एवढी वर? पाय टेकतील का?" असं विचारतील. टेकत नाहीत. टेकायला थांबावं लागतं, आणि आपण थांबण्यासाठी निघालेलो नाही.

पायरी तिसरी: काटे

परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत वाळवंट आणि अस्वलं यांवर प्रकरणं असतात. सराट्यावर एक ओळ नसते. नगर जिल्ह्यात पावसाळा सरला की सराटे वाळतात आणि रस्त्याच्या कडेला, नेमके मागून ट्रक आल्यावर आपण जिथे उतरतो तिथे, दबा धरून बसतात. त्यांच्या जोडीला वेड्या बाभळीची तोडलेली फांदी. जो टायर इथल्या साइडपट्टीवर आठवडाभर टिकला, तो सैबेरियातही टिकेल असं मानायला हरकत नाही.

उपाय जुनाच आहे. रद्द झालेली ट्यूब लांबीने कापून तिची पट्टी टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये घालायची. सायकल थोडी जड चालते, पण चालते. पंक्चर काढल्यावर नवशिका ट्यूब बसवतो, हवा भरतो आणि शंभर मीटरवर पुन्हा बसतो, कारण काटा टायरमध्येच असतो. टायरच्या आतून बोट फिरवावं. हळू फिरवावं.

सरावासाठी नगर-मनमाड रस्त्यासारखी शाळा नाही. खड्डे चुकवायला, चुकले नाहीत तर ते सोसायला, आणि गाळप हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे धीर धरायला हा रस्ता फुकट शिकवतो. मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही, गाणं मात्र पुढे मोठ्याने लावलेलं असतं, म्हणजे पुढून येणाऱ्याला ऐकू येतं आणि मागून येणाऱ्याला दिसत नाही. म्हणून आपल्या सायकलीला मागे लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि अंगात भडक जाकीट हे तिन्ही हवं. रविवारी सकाळी डोंगरगणला जाऊन मिसळ खाऊन परत येणं हा सराव नव्हे. तो वेगळा आणि तितकाच आदरणीय छंद आहे.

पायरी चौथी: वजन

सामान भरलेली सायकल एकदा काट्यावर चढवावी. नेप्तीच्या कांदा बाजारात ओळख असेल तर उत्तम, तिथला माणूस आकडा सांगतो आणि वर "माल कोणता?" असंही विचारतो. सायकल सोडून सामान कांद्याच्या अर्ध्या गोणीएवढं भरलं तर निम्मं काढावं. बहुतेक नवशिके या टप्प्यावर दुसरी पँट काढतात आणि कुकर ठेवतात.

पण खरं वजन काट्यावर दिसत नाही, ते वाटेत चढतं. चांगल्या कामासाठी निघालेल्या माणसाचा सत्कार करायचा असतो. शाल आणि श्रीफळ. हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, म्हणजे जिल्हा ओलांडेपर्यंत वाटेवरच्या प्रत्येक गावाला आपला चांगुलपणा दाखवायला पुरेसा वाव आहे. शाळा, पतसंस्था, तालीम, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळ्यांचे नारळ वेगळे. नारळ नाकारता येत नाही, आणि नारळ घेऊन चढ चढता येत नाही. यावर एकच शिष्टसंमत तोड आहे: आदल्या गावचा नारळ पुढच्या गावच्या मारुतीला वाढवायचा आणि प्रसाद सत्कार करणाऱ्यांनाच वाटायचा. शाली लागतात, त्या ठेवाव्यात; पहाटेच्या थंडीत त्यांच्याइतकं उपयोगी काही नाही. स्मृतिचिन्ह, विशेषतः काचेचं आणि पायथ्याशी संगमरवर असलेलं, गावातल्याच कुणाच्या घरी 'सुखरूप राहावं म्हणून' ठेवून द्यावं.

हाराबाबत मात्र दयामाया नको. झेंडूचा हार सायकलीला घालू देऊ नये. त्याची सुतळी मागच्या फ्रीव्हीलमध्ये शिरते आणि मोहिमेतला पहिला बिघाड हिरवा झेंडा फडकत असतानाच, फोटोग्राफरसमोर होतो.

बॅनरवर 'नगर' छापायचं की 'अहिल्यानगर', यावर फ्लेक्सवाल्याकडे अर्धा दिवस जाईल. तो धरून चालावा.

पायरी पाचवी: पैसे

सायकल कोणासाठी चालवायची हे निघण्याआधी ठरलेलं बरं. संस्थेचं पावतीपुस्तक घ्यावं, स्वतःच्या नावाने एक रुपया घेऊ नये. 'दर किलोमीटरला एक रुपया' ही योजना गोड वाटते, पण नातेवाईक हिशेबी असतात. काका विचारतात, "उताराचे किलोमीटर धरायचे का?" मावशी म्हणते, रस्ता चुकलास तर ते माझ्याकडून नाही. आणि सर्वांत मोठा देणगीदार फोनवर पहिला प्रश्न करतो: "ऐंशी-जी मिळतं का?" संस्थेला ते असेल तर कागद पिशवीत वरच ठेवावा. टायरमधल्या हवेनंतर मोहिमेला सर्वांत जास्त तोलून धरणारी वस्तू तीच.

परदेशी मित्रांकडून पैसे येणार असतील तर संस्थेला एफसीआरएची नोंदणी हवी, आणि 2021 पासून ती रक्कम आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. म्हणजे युरोपात पेडल मारलं की रुपया दिल्लीमार्गे नगरला येतो. सायकल त्या मानाने सरळ रस्त्याने जाते.

परदेशातला खंड निवडला असेल तर सायकल खोक्यात भरावी लागते. खोकं सायकलच्या दुकानात मागितलं तर मिळतं. टायरमधली हवा कमी करावी, हँडल वळवून फ्रेमला बांधावं आणि पेडलं काढावीत. इथे घरातले सगळे पुरुष एकेक करून जोर लावतील, कारण डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. तो उजवीकडे फिरवला की सुटतो. ही माहिती सगळ्यांचा जोर लावून झाल्यावर सांगितली तर घरात मान वाढतो.

पायरी सहावी: निघणे

कार्यक्रमपत्रिकेत सकाळी नऊ छापलेलं असलं तरी पाहुणे अकराला येतात आणि ऊन त्यांच्याआधी येतं. म्हणून पूर्वेच्या वाटेला निघणाऱ्याने सत्कार आदल्या संध्याकाळी उरकून घ्यावा आणि पहाटे पाचला, कुत्री सोडून कुणी जागं नसताना, संभाजीनगर रस्त्याला लागावं. शेंडी, जेऊर मागे टाकलं की इमामपूरचा घाट येतो आणि नगरहून जाताना तो उताराचा आहे. नवशिके इथे खूश होतात. खुशीत ब्रेक दाबून धरू नयेत, रिम तापते. दाबावे-सोडावे, दाबावे-सोडावे, आणि मागचा आधी. हँडल थरथरलं तर सामान मागे जास्त झालं आहे असं समजून पायथ्याला पांढरीपुलाशी उतरावं आणि थोडं पुढच्या कॅरिअरवर घ्यावं. तिथे चहावाला विचारेल, कुठे निघालात. खंडाचं नाव सांगू नये, तो हसेल आणि चहा सांडेल. कशासाठी निघालात ते सांगावं. मग तो चहाचे पैसे घ्यायचे नाकारेल आणि वर दहाची नोट काढेल. नोट घ्यावी, चहाचे पैसे टेबलावर ठेवावेत आणि पावती तिथल्या तिथे फाडावी, नाव नीट विचारून, कार्बन सरळ घालून.