घाट कोणता घ्यायचा?

पुण्याहून मालवणला गाडीने जायचं ठरलं की घरातलं पहिलं भांडण हॉटेलवरून होत नाही, घाटावरून होतं. सह्याद्री देशाच्या बाजूने सावकाश चढतो आणि कोकणाकडे एकदम तुटतो, तेव्हा कुठून तरी उतरणं भाग आहे. कुठून, हे सांगायला मोबाइलमध्ये नकाशा असतो. पण त्याला घरात मताधिकार नसतो.

आत्याबाईंना ताम्हिणी हवा, धबधब्यांसाठी. माणगावला उतरलं की त्या म्हणणार, "झाला बाई घाट!" वास्तविक मालवण तिथून रायगडचा उरलेला भाग आणि अख्खी रत्नागिरी ओलांडल्यावर येतं. त्यात कोकणातून जातो म्हणून सपाट समजला जाणारा मुंबई-गोवा महामार्ग डोंगराच्या सोंडा एकीमागून एक पार करत असतो : कशेडी, भोस्ते, परशुराम. कशेडीला आता बोगदा झाला आहे, पण आत्याबाईंच्या नातवाला गाडी लागते. बोगदा संपेपर्यंत त्याच्या हातात आल्याची वडी असते आणि भोस्त्यात प्लास्टिकची पिशवी.

मामांचं मत कुंभार्ली. वाटेत कोयनानगर लागतं, आणि त्यांना पोरांना धरणाची माहिती सांगायची असते. पोरं कुंभार्लीच्या विरोधात आहेत.

काकांचा हट्ट गगनबावड्याचा. तिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात, करूळ आणि भुईबावडा, आणि दोन्ही वैभववाडी तालुक्यात उतरतात. अंतर कमी म्हणून काका खूश. पण पावसाळ्यात या घाटांत दरडी येतात, तेव्हा निघण्याआधी घाट चालू आहे का, हे विचारलेलं बरं. काका विचारत नाहीत. रस्ता विचारणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

काकांची खरी भानगड मात्र उतारावर सुरू होते. पेट्रोल वाचवायला ते गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकून, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरलं तर इंजिनाचं इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये ते चालू ठेवायलाच थोडं पेट्रोल जळत राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि नेमके अवघड वळणावर ढिले पडतात. जुने ड्रायव्हर सांगत आले, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. काकांच्या मते ते जुन्या गाड्यांसाठी होतं.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. उतरताना काका तो विसरतात. चढताना मात्र काच खाली करून समोरच्याला समजावून सांगतात.

मोबाइल मिनिटं सांगतो, वळणं आणि मागच्या सीटवरची पोटं त्याच्या हिशेबात नसतात. चार-दोन मैल जास्त पडले तरी रुंद रस्ता आणि दिवसाउजेडी उतरणं, एवढं जमलं तर घाट सोपा. आंबोलीचा रस्ता चांगला, पण जुलैतल्या रविवारी धबधब्यापाशी रस्त्यावरच वाहनतळ झालेला असतो, आणि मालवणसाठी तो वळसाही पडतो.

शेवटी फोंडा ठरतो, कारण तो कुणीच सुचवलेला नसतो. राधानगरी, दाजीपूर मागे पडतं, घाट सुरू होतो आणि पुढे भरलेला ट्रक येतो. ओव्हरटेकला जागा नाही. काका हॉर्न वाजवून दमतात आणि नाइलाजाने सेकंड टाकतात. गाडी ट्रकच्या चालीने खाली येते; फोंडा गावात पोचताच नातू विचारतो, वडापाव कुठे मिळतो?