लागोपाठकर

अमेरिकेतील नेवाडा राज्यात, लास व्हेगास शहराच्या पर्यटकी झगमगाटापासून जरा दूर, मुख्यतः स्थानिक रहिवाशांच्या राबत्यावर चालणारे जे कॅसिनो आहेत, त्यांत व्हिडिओ पोकरच्या यंत्रांपुढे बसणाऱ्या मंडळींमध्ये एक स्वतंत्र मनुष्यजात आढळते. या जातीचे नामकरण अद्याप कोणी केलेले नसल्यामुळे तिच्या प्रतिनिधीस सोयीसाठी लागोपाठकर म्हणावे. जिंकणे हे त्याचे ध्येय नव्हे आणि हरणे हे तर त्याचे नित्यकर्मच होय. एखादा दुर्मिळ डाव लागोपाठ दोनदा पडला असता तसे ‘कितीत एकदा’ घडावे याचा हिशेब मांडणे आणि तो भेटेल त्याला ऐकवणे, हे त्याचे खरे जीवितकार्य असते. वयाने तो बहुधा निवृत्त असतो. सदस्यत्वाचे प्लास्टिकचे कार्ड यंत्राच्या फटीत खोचलेले आणि कार्डापासून निघालेली वेटोळी दोरी सदऱ्याच्या काजात अडकवलेली, त्यामुळे यंत्राशी असलेली त्याची नाळ अजून तुटायची आहे असा पाहणाऱ्याचा समज होतो, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

त्याच्या विद्येचे स्वरूप कळण्यासाठी खेळाची थोडी ओळख आवश्यक आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस सी रेड यांच्या कंपनीने, जी पुढे आयजीटी या नावाने प्रसिद्ध झाली, रूढ केलेल्या या यंत्रात पडद्यावर ५२ पत्त्यांच्या जोडातून पाच पाने येतात, त्यांतील नकोशी पाने एकदाच बदलून घेता येतात आणि अखेर हाती राहिलेल्या पाच पानांना यंत्रावर छापलेल्या तक्त्याप्रमाणे पैसे मिळतात. समोर कोणी प्रतिस्पर्धी नसल्यामुळे थाप मारण्याची कला येथे निरुपयोगी ठरते. लागोपाठकर ती कला खेळ संपल्यावर वापरतो. ‘जॅक्स ऑर बेटर’ या प्रकारात किमान गुलामांची जोडी जमली तरच लावलेले पैसे परत येतात. एकाच दर्जाची चारही पाने जमली की चौकडी होते. आणि एकाच रंगाची, म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट किंवा किलवर यांपैकी एकाच जातीची, दश्शी, गुलाम, राणी, राजा व एक्का ही पाने जमली की रॉयल फ्लश होतो, ज्याला पाच नाण्यांच्या पूर्ण डावावर ४,००० नाणी मिळतात. ज्या तक्त्यात फुल हाउसला, म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी यांना, नाण्यामागे नऊ आणि फ्लशला, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांना, सहा नाणी मिळतात, तो तक्ता बिनचूक खेळणाऱ्यास दीर्घकाळात शंभरांतले ९९.५४ परत करतो. उरलेले ०.४६ कॅसिनोचे; मात्र बिनचूक खेळणारा दुर्मिळ असल्यामुळे कॅसिनोच्या वाट्याला प्रत्यक्षात याहून बरेच अधिक येते.

नेवाड्याच्या नियमांनुसार खऱ्या पत्त्यांच्या खेळाची नक्कल करणाऱ्या यंत्रात प्रत्येक पान पडण्याची शक्यता खऱ्या जोडाइतकीच ठेवावी लागते. त्यामुळे येथे गणित नेमके करता येते, आणि लागोपाठकराचा उदय होतो तो याच सोयीमुळे. योग्य रीतीने खेळल्यास चौकडी सरासरी ४२३ डावांत एकदा आणि रॉयल फ्लश सुमारे ४०,३९१ डावांत एकदा पडतो. प्रत्येक डाव नव्याने पिसलेल्या पानांचा, म्हणजे आधीच्या डावापासून स्वतंत्र, असल्यामुळे दोन नेमक्या डावांत लागोपाठ तीच गोष्ट घडण्याची शक्यता काढण्यासाठी दोन्ही शक्यतांचा गुणाकार करायचा असतो. हा गुणाकार लागोपाठकर कधीही चुकत नाही. लागोपाठ दोन चौकड्या १,७९,००० मध्ये एकदा, तीन चौकड्या साडेसात कोटींत एकदा, लागोपाठ दोन रॉयल १६३ कोटींत एकदा, हे आकडे त्याला पाठ असतात आणि शेजारच्या यंत्रावरील अनोळखी बाईंनाही ते लवकरच पाठ होतात.

दोष गुणाकारात नसतो, प्रश्नात असतो. पहिली चौकडी पडून गेल्यावरच लागोपाठकराचे लक्ष दुसऱ्या चौकडीकडे लागते, आणि त्या क्षणी दुसरीची शक्यता १,७९,००० मध्ये एक नसून नेहमीप्रमाणे ४२३ मध्ये एक एवढीच असते. शिवाय तो दोनच डाव खेळून घरी गेलेला नसतो. तासाला ६०० डाव ही या खेळात मध्यम गती समजली जाते. त्या गतीने दिवसाला चार तास आणि आठवड्याला पाच दिवस बसणारा मनुष्य वर्षाकाठी ६,२४,००० डाव खेळतो, आणि एवढ्या डावांत लागोपाठ दोन चौकड्यांचा योग सरासरी तीन ते चार वेळा येतो. म्हणजे ज्या चमत्काराची छायाचित्रे तो भ्रमणध्वनीवर जपून ठेवतो, तो चमत्कार त्याच्या स्वतःच्या वाढदिवसापेक्षा अधिक वेळा येत असतो. लागोपाठ दोन रॉयल मात्र याच गतीने एका माणसाच्या वाट्याला २,६०० वर्षांत एकदा यावेत. परंतु त्याच्यासारखी २,६०० माणसे कामाला लागली तर वर्षातून एकदा कोणाच्या तरी पुढ्यात ते पडतील, आणि तो भाग्यवान आपल्या उरलेल्या सहकाऱ्यांचे आभार न मानता १६३ कोटींचा आकडा एकट्याच्या नावावर लिहील.

पुरेसा मोठा आकडा न मिळाल्यास लागोपाठकर अटी वाढवतो. दोन्ही चौकड्या सत्त्यांच्या होत्या असे त्याच्या ध्यानात आले, की दर्जे १३ असल्यामुळे तो तेराने दोनदा गुणतो आणि तीन कोटींवर पोहोचतो. त्या दिवशी मंगळवार होता हे आठवले, की सातने गुणून २१ कोटींवर. सर्व दर्जांच्या चौकड्या सारख्याच वेळा पडत नाहीत, कारण खेळणारा सुटा एक्का पुष्कळदा धरून ठेवतो आणि सुटी सत्ती बिनदिक्कत टाकतो, हा बारकावा त्याला माहीत असतो. पण आकडा फुगत असताना तो बारकाव्यांत शिरत नाही. दोन्ही चौकड्या नव्व्यांच्या असत्या आणि वार गुरुवार असता, तरीही २१ कोटीच निघाले असते, ही गोष्ट त्याच्या हिशेबात कोठेही येत नाही. वास्तविक पाहता पहिल्या वाटपात येऊ शकणारे पाच पानांचे संच २५,९८,९६० असून त्यांतील प्रत्येक संच, मग तो कितीही दरिद्री असो, सारखाच दुर्मिळ असतो. इस्पिकची दुर्री, चौकटची सत्ती, किलवरची नव्वी, बदामची चौकी आणि बदामची राणी हा विवक्षित संच पडणे हेही तितकेच दुर्मिळ आहे, परंतु त्याचे छायाचित्र काढण्यासाठी कोणी उठून उभे राहत नाही.

या जातीचे पूर्वज थोर आहेत. १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्यात जो पत्रव्यवहार होऊन शक्यतेच्या शास्त्राचा पाया घातला गेला, त्यामागे शेव्हालिए द मेरे या फ्रेंच लेखकाने उपस्थित केलेले जुगारातील प्रश्न होते. एक फासा चारदा टाकून निदान एकदा सहा पडण्यावर पैज लावणे किफायतशीर ठरते, कारण शक्यता ५१.७७ टक्के असते. मग दोन फासे चोवीसदा टाकून दोन्हींवर एकदम सहा पडण्यावर लावलेली पैज तशी का ठरत नाही, हा त्यांतील प्रसिद्ध प्रश्न, आणि तेथे शक्यता ४९.१४ टक्के निघते. मेऱ्याची चौकशी पुढे लावायच्या पैजेसाठी होती. लागोपाठकराची चौकशी पैज उरकल्यावर सुरू होते. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात, दमयंतीच्या विदर्भाकडे रथ दौडत असताना अयोध्येचा ऋतुपर्ण राजा वाटेतल्या बेहड्याच्या दोन फांद्यांवर २,०९५ फळे आहेत असे चालत्या रथातून सांगतो, आणि बाहुक नावाच्या सारथ्याच्या रूपातील नल रथ थांबवून, झाड तोडून, फळे मोजून मगच विश्वास ठेवतो. आकडा आधी सांगितला गेला म्हणून त्या मोजणीला अर्थ आला. लागोपाठकर झाड आधी तोडतो, फळे मोजतो आणि मग आपला अंदाज किती बरोबर होता हे सांगून साऱ्यांना थक्क करतो.

त्याच्या स्वभावाची खरी परीक्षा दुसऱ्या एका योगाने होते. जॅक्स ऑर बेटरमध्ये सुमारे ५४.५ टक्के डाव संपूर्ण कोरडे, म्हणजे एकही नाणे न देणारे, जातात. हा अपूर्णांक स्वतःशीच वीस वेळा गुणला असता उत्तर १,८४,००० मध्ये एक असे येते. याचा अर्थ असा, की लागोपाठ वीस डाव कोरडे जाणे हे लागोपाठ दोन चौकड्या पडण्याइतकेच, किंबहुना किंचित अधिक, दुर्मिळ आहे. पण या समान दुर्मिळतेचे स्वागत समान होत नाही. दोन चौकड्या पडल्या की लागोपाठकर सेविकेकडून फुकटची कॉफी मागवतो आणि शक्यतेच्या शास्त्रावर प्रवचन करतो. वीस डाव कोरडे गेले की यंत्रात लबाडी आहे, व्यवस्थापनाने रात्रीतून काही फिरवले आहे, असे म्हणून जागा बदलतो. जागा सोडल्यावर त्या यंत्रावर दुसऱ्या कोणाला रॉयल पडला, तर तो आपलाच होता अशी त्याची पक्की समजूत होते. वस्तुतः यंत्रातील यादृच्छिक आकडे काढणारी योजना कोणी खेळत नसतानाही अव्याहत चालू असते आणि बटण दाबण्याच्या नेमक्या क्षणावर पाने ठरतात, त्यामुळे तो बसून राहिला असता तर त्या दुसऱ्याच्या नेमक्या क्षणी त्याचे बोट बटणावर पडण्याची आशा धरवत नाही. ४०,३९१ डाव खेळूनही रॉयल न पडण्याची शक्यता ३७ टक्के असते, हे त्याने सांगितलेले मात्र कोणी ऐकलेले नाही.

हरण्याची नोंद तो ठेवतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाव डॉलरच्या यंत्रावरील रॉयलचे १,००० डॉलर कॅसिनो बिनबोभाट देऊन टाकतो. पण एक डॉलरच्या यंत्रावर ४,००० मिळाले, की कर्मचारी पैशांबरोबर कर खात्याचा फॉर्मही आणून देतो, कारण अशा यंत्रांसाठी फॉर्मची मर्यादा दीर्घकाळ १,२०० डॉलर होती. अमेरिकी करकायद्यात जुगारातील तोटा जिंकलेल्या रकमेच्या मर्यादेतच वजा मागता येतो आणि त्यासाठी पुरावा लागतो, म्हणून लागोपाठकराजवळ एक वही असते. तीत तारीख, कॅसिनोचे नाव, यंत्राचा क्रमांक आणि गेलेली रक्कम सेंटापर्यंत लिहिलेली असते. चौकड्यांचा, कोटींचा किंवा मंगळवाराचा तीत कोठेही उल्लेख नसतो, आणि एप्रिलच्या १५ तारखेच्या आत ती कर सल्लागाराच्या टेबलावर ठेवताना तो शेजारच्या खुर्चीतील माणसाशी एक अक्षरही बोलत नाही.