कुणी उभं केलंय?

विधानसभेला उभं राहायचं तर दहा माणसं लागतात. मतांसाठी नव्हे, नुसत्या सह्यांसाठी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. आमचा पक्ष 'नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त' या वर्गातला, म्हणजे आयोगाच्या दप्तरात आहे, पण कुणाच्या ध्यानात नाही. अशांना आणि अपक्षांना दहा सूचक. दहाही त्याच मतदारसंघातले, यादीतले भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बिनचूक भरलेले. मी पतसंस्थेत हयातभर कारकुनी केली. जामिनाची सही म्हटल्यावर भल्याभल्यांना चष्मा घरी राहिल्याचं कसं आठवतं, ते मी टेबलामागून पुष्कळ पाहिलंय. आता टेबलापुढून पाहिलं. पहिल्याच सूचकाने पेन हातात घेतलं, टोपण काढलं आणि विचारलं, "सही करतो की आण्णा. पण खरं सांगा, कुणी उभं केलंय?"

मी म्हटलं, कुणी नाही, पक्षाने तिकीट दिलंय. त्याने डोळे बारीक केले. "ते झालंच. पण कुणी?"

लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात लोकसभेला साताऱ्यात काय झालं, ते आमच्या कृष्णाकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका मोठ्या पक्षाचं चिन्ह, आणि नुसती 'तुतारी' एका अपक्षाची. त्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली, आणि निवडून आलेल्या उमेदवाराचं मताधिक्य होतं ३२ हजारांच्या घरात. दिंडोरीत तर नुसत्या तुतारीने लाखाचा आकडा ओलांडला. तेव्हापासून लहान उमेदवाराला लहान कुणी समजत नाही, सुपारी समजतात. आपल्या पायावर उभा राहिलेला माणूस ही कल्पनाच गावाला पटेना. अमक्याची मतं खायला तमक्याने उभा केला, एवढंच राजकारण सगळ्यांना पाठ. कोणाची मतं खायला, यावर मात्र पारावर दोन तट पडले आणि दोन्ही तटांनी मला परस्पर चहा पाजला.

अनामत दहा हजार. बायकोने कपाटातून नोटा काढून दिल्या आणि विचारलं, "परत मिळतात का?"

"एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तर."

"म्हणजे नाही," ती म्हणाली आणि कपाट लावून घेतलं.

खरी मजा शपथपत्रात. त्याला नमुना २६ म्हणतात. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, नसेल तिथे 'निरंक' लिहायचं. फौजदारी प्रकरणं, निरंक. शासकीय थकबाकी, निरंक. मोटार वाहने, विमाने, नौका आणि जहाजे यांचा मिळून एक रकाना आहे. त्यात मी माझी जुनी स्प्लेंडर लिहिली. इथवर झकास चाललं होतं. पण स्वतःच्या शेजारी जोडीदाराचाही रकाना असतो. बायको आत गेली आणि एक पासबुक आणून माझ्यासमोर ठेवलं. भिशीच्या पैशातून साठवलेली पोस्टातली ठेव. रक्कम माझ्या ठेवींपेक्षा मोठी.

"हे कधी केलंस?"

"तुम्ही पतसंस्थेत होता ना," ती म्हणाली, "म्हणून पोस्टात ठेवलं."

शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. मतदारांना उमेदवाराची माहिती मिळावी म्हणून ही सोय. माझ्या मतदारसंघातल्या मतदारांनी तिचा किती लाभ घेतला कोण जाणे, पण माझ्या भाच्याने पुरेपूर घेतला. अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, छाननी ३० ला, माघारीची मुदत ४ नोव्हेंबर, आणि मध्ये अख्खी दिवाळी. भाऊबीज ३ तारखेला आली. बहिणीने ओवाळलं, सुपारी फिरवली, आणि ताम्हन हातात तसंच धरून म्हणाली, "दादा, आईच्या पाटल्या वहिनीच्या रकान्यात कशा रे?" निरांजन विझेपर्यंत मी काय काय बोललो ते आठवत नाही. ओवाळणी मात्र दुप्पट पडली. तिची नोंद निवडणूक खर्चात करायची की नाही, हे मी नंतर निवडणूक कार्यालयात विचारलं. नको म्हणाले.

माघारीच्या दिवसाबद्दल मी बरंच ऐकून होतो. त्या दिवशी म्हणे लहान उमेदवाराच्या दारात गाड्या लागतात. कुणी हात जोडतो, कुणी नात्यातला माणूस मध्ये घालतो, कुणी 'पुढच्या वेळी तुमचं बघू' म्हणतो. मी बाणेदार उत्तर तयार ठेवलं होतं. बायकोने चिवड्याचा डबा वरून खाली काढला, कपबशा पुसून ठेवल्या. सकाळ गेली. दुपारी एकदा फोन वाजला, तो मांडववाल्याचा: आधीच्या कार्यक्रमाच्या दोन खुर्च्या कमी भरतायत. तीन वाजता मुदत संपली. तोवर, घेतले असतील तर पैसे ठेवलेत कुठे, अशा नजरेने माझ्याकडे बघणारी बायको एकदम बिथरली. "म्हणजे कुणी विचारलंसुद्धा नाही? समजतात काय तुम्हाला?" त्या क्षणापासून ती माझी कट्टर कार्यकर्ती झाली. मला बसवायला कुणीच न आल्याचा एवढा फायदा झाला.

त्याच दुपारी चिन्हं वाटली. मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीची तीन लिहून द्यायची असतात. यादी मोठी रसाळ आहे. भेंडी, फुलकोबी, आलं, रोडरोलर, नेलकटर, मोजे, काही म्हणून कमी नाही. मी पहिली पसंती रिक्षा लिहिली, दुसरी शिवणयंत्र, आणि तिसरी जागा मोकळी राहायला नको म्हणून ढोबळी मिरची. रिक्षा आमच्यासारख्याच आणखी एका पक्षाने मागितली होती. चिठ्ठ्या टाकल्या, रिक्षा त्याला गेली. शिवणयंत्र कुणाच्या तरी पहिल्या पसंतीला होतं. मी कार्यालयातून ढोबळी घेऊन बाहेर पडलो.

आमच्या पट्ट्यात शेडनेटमध्ये ढोबळी करणारे शेतकरी पुष्कळ आहेत, त्यामुळे प्रचाराला विषय आयता मिळेल असं जिल्हाध्यक्षांचं म्हणणं. विषय मिळाला, पण दराचा. "ढोबळी आली ढोबळी!" अशी रिक्षावरची घोषणा ऐकून बायका पिशव्या घेऊन दारात यायच्या. एका शेतकऱ्याने पत्रक वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "गेल्या साली ढोबळीनं मला झोपवलं, औंदा तुमास्नी." त्यात मतपत्रिकेवर चिन्ह काळ्या-पांढऱ्यात छापलेलं. नमुना मतपत्रिका घेऊन मी घरोघर फिरलो, तर कुणाला त्यात टोमॅटो दिसला, कुणाला भोपळा. एका आजोबांना सीताफळ दिसलं. त्यांनी आनंदाने मत कबूल केलं. मी वाद घातला नाही.

आमच्या जाहीरनाम्यातलं पहिलं कलम होतं, कालव्याच्या आवर्तनाच्या तारखा हंगामाआधी जाहीर करा. मी ते सभेत तळमळीने मांडायचो. पण त्या निवडणुकीत एका आघाडीने बहिणींना महिना २,१०० देऊ केलेले, दुसरीने ३,०००. एका म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं किती?" मी पुन्हा आवर्तनाचं सांगितलं. "ते हाय ते बरं हाय लेकरा," ती म्हणाली, "पन तारीख खात्यात व्हय?"

निवडणूक यंत्रणा मात्र लहानमोठं करत नाही, हे तिला मानलं पाहिजे. खर्चाची मर्यादा सर्वांना सारखी, ४० लाख. म्हणजे मी चाळीस लाख रुपये उधळू शकत होतो, कायद्याची काही हरकत नव्हती. त्यासाठी बँकेत वेगळं खातं आणि पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या पानांची नोंदवही. बाकीच्यांच्या वह्या घेऊन सनदी लेखापाल यायचे. माझी वही मीच लिहायचो, आणि सांगायला हरकत नाही, तशी वही तालुक्यात दुसरी नव्हती. तपासणीला अडचण आली ती ढोबळीची. पदयात्रेत हातात धरायला म्हणून काही किलो घेतली होती. दरपत्रकात चहा, वडापाव, खुर्ची, मांडव, हार, सगळ्यांचे दर होते. ढोबळीचा नव्हता. बाजारसमितीचा दर धरा असं ठरलं. मग साहेबांनी विचारलं, "पदयात्रेनंतर मालाचं काय केलं?" मी खरं ते सांगितलं: बायकोने बेसन लावून भाजी केली, कार्यकर्ते जेवले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. प्रचारसाहित्य म्हणून एकदा लावलेली वस्तू अल्पोपाहारात पुन्हा लावायची का? लावली तर दर कच्च्या मालाचा की शिजवलेल्या? शेजारी एका मोठ्या उमेदवाराचा लेखापाल तिष्ठत उभा होता. त्याच्याकडे शेकडो गाड्यांचा हिशेब असेल. तो पाच मिनिटांत आटोपला. माझी भाजी अर्धा तास चालली.

सभांना आयोगाचा व्हिडिओवाला यायचा. खर्च लपवू नये म्हणून खुर्च्या, फलक, माणसं सगळं टिपून ठेवतात. एका वाडीत पारावर मी बोलायला उभा राहिलो तेव्हा समोर तो, आमचा रिक्षावाला आणि देवळाला टेकून झोपलेला एक गृहस्थ. व्हिडिओवाल्याने कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, परत आणला, आणि हळूच विचारलं, "काका, आणखी कुणी यायचंय का? न्हाईतर मला मोठ्या सभेला पोचायचंय." मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा, आवर्तनाचा मुद्दा तेवढा घेऊ द्या. तो थांबला. सगळं भाषण त्याने मान हलवत ऐकलं. भला मुलगा. मतदार मात्र शेजारच्या तालुक्यातला निघाला.

२० नोव्हेंबरला मतदान. आपलंच नाव आणि फोटो असलेलं बटण दाबण्याचा अनुभव वेगळा असतो. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती ढोबळी मी सातही सेकंद डोळे भरून पाहिली. मागच्या माणसाने खाकरून विचारलं, "आण्णा, दाबलं का न्हाई अजून?"

मतमोजणी २३ ला. चौदा टेबलं, प्रत्येकाला एक प्रतिनिधी नेमायचा अधिकार. मोठ्या पक्षांचे चौदाही जण कॅल्क्युलेटर घेऊन हजर. आमच्याकडे मी आणि भाचा. प्रत्येक फेरीनंतर सगळ्या उमेदवारांचे आकडे जाहीर व्हायचे, मतपत्रिकेच्या क्रमाने, कुणालाही न वगळता. आधी दोन आकडे हजारांत आणि बाहेर गुलाल, घोषणा. मग आवाज तसाच खणखणीत ठेवून माझं नाव आणि "चार". पुढच्या फेरीला "एकोणीस". एकोणिसाला मोठ्या पक्षाचा एक प्रतिनिधी वळून "वा!" म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. आम्हा किरकोळ उमेदवारांना त्या दालनात फार प्रेमाने वागवतात. आमच्याकडून कुणाला काही भीती नसते. अनामत वाचवायला तेहतीस हजारांच्या पुढे जावं लागलं असतं. माझी बेरीज हजाराच्या आत राहिली, नोटाच्याही खाली. २८८ जागांना राज्यभर चार हजारांवर उमेदवार होते, तेव्हा सोबत भरपूर होती.

दालनाच्या दारातच एका अपक्षाने मला गाठलं. त्याचं चिन्ह सफरचंद. एका गावात मी पाऊलही टाकलेलं नसताना तिथे माझ्या नावावर तीसएक मतं पडली होती, आणि त्याच्या नावावर दोन. आजोळ तिथलं असल्याने तो तिथे पन्नास धरून बसला होता. काळ्या-पांढऱ्या छपाईत सफरचंदाने ढोबळीपुढे हात टेकले होते. तो रागाने लाल झालेला. "माझी मतं खायला तुम्हाला कुणी उभं केलंय, ते मला माहीत आहे," तो म्हणाला. सगळ्या निवडणुकीत मला एवढं महत्त्व दुसऱ्या कुणीच दिलं नाही. मी त्याला चहा पाजला.

निकालानंतर तीस दिवसांत अंतिम हिशेब द्यायचा असतो. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत निवडणुकीला अपात्र. मी वेळेत दिला, भाजीसकट.

राहता राहिला नमुना २०. त्यात केंद्रवार मतं छापलेली असतात, कुठल्या बूथवर कुणाला किती. माझे दहाही सूचक आमच्याच गल्लीतले, आमच्याच केंद्रावरचे. दहा ते, मी आणि बायको, मिळून बारा. शिवाय "आण्णा, तुमालाच टाकलं" असं रस्त्यात थांबवून सांगणारे वेगळे, त्यांची गणतीच नाही. नमुना २० मध्ये आमच्या केंद्रापुढे आकडा आहे अकरा. मी तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको भाकरी थापत होती.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "मतदान गुप्त असतं."

तर वाचकहो, हा नमुना २० मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुला आहे. तुमच्या केंद्रावरचा एखादा हरलेला उमेदवार ओळखीचा असेल, तर 'तुम्हालाच दिलं' असं त्याला सांगण्याआधी तेवढा एकदा उघडून बघा. त्याने तो पाहिलेला असतो.