आप्पा आले, चौकटी सांभाळा

दिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत आप्पा कुणाच्याही घरी गेले, की चपला काढण्याआधी दाराच्या चौकटीवर बोटानं टकटक करतात. बेल नंतर. वरून खाली वाजवत येतात आणि उंबऱ्याच्या वर वीतभर अंतरावर रेंगाळतात, कारण वाळवी येते जमिनीतून. तिथे आवाज बदलला की चेहरा उजळतो. "पोकळ आहे," हे सांगताना त्यांना जो आनंद होतो, तो नातवाच्या बारशालाही झालेला आम्ही पाहिला नाही.

आप्पा मूळचे अमळनेरचे. ताप्ती लाइनच्या गाडीनं तरुणपणी उधन्याला उतरले ते सुरतचेच झाले. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये फोल्डिंग खात्यात आयुष्य गेलं. समोरून सरकणाऱ्या कापडातला डाग, तुटलेला धागा, हललेली छपाई पकडायची, एवढंच काम. निवृत्तीनंतर कापड थांबलं, खोड राहिली. त्यातच एक दिवस स्वयंपाकघराचं दार कडीसकट त्यांच्या हातात आलं. बाहेरून ऑइल पेंट शाबूत, आत नुसती माती. आता घरात लाकूड औषधालाही नाही. चौकटी ग्रॅनाइटच्या, कपाटं लोखंडी, पोळपाट स्टीलचा. लाटणं तेवढं काकूंनी हट्टानं लाकडी ठेवलंय, आणि आप्पांना त्याची दोन्ही अर्थांनी भीती वाटते.

वाळवीची गोष्ट निघाली की आप्पा थेट मानकावर येतात. आय एस ६३१३. पाया भरण्याआधीची फवारणी भाग दुसऱ्यात, राहत्या घराची भाग तिसऱ्यात. अध्याय-ओवी सांगावी तसं सांगतात. भिंत आणि फरशी मिळते तिथे फूट-फूट अंतरावर बारा एमएमची भोकं, त्यात औषध, वर पांढरं सिमेंट. घासलेटवाल्यांचा त्यांना भयंकर राग. "अरे भो, तू भिंतीवरचे मजूर मारतोस. राणी खाली मातीत बसून दिवसाला हजारांनी अंडी घालतेय, तिला तुझं घासलेट पोचतं का?" बरोबर आहे, पण हे त्यांनी एका तेराव्याच्या जेवणात सांगितलं.

खिशात बाराबंकीचं कात्रण कायम. २०११ साली तिथल्या बँकेत वाळवीनं कोटभर रुपयांच्या नोटा फस्त केल्या. "नोट कापसाची असते. कापूस काय, कागद काय, लाकूड काय, तिच्या लेखी एकच भाजी." मग रिंगरोडच्या साडीवाल्यांना दिलासा: पॉलिस्टर तिला पचत नाही, ती खोका खाते. परेश मोकाशींचा 'वाळवी' २०२३ मध्ये आला, तेव्हा मुंबईच्या भाच्यानं मोठ्या हौसेनं तिकीट काढून नेलं. आप्पा बाहेर आले ते नाराज. खून वगैरे ठीक आहे म्हणाले, पण औषध कुठलं मारायचं ते सांगितलंच नाही.

खरा रंग चढला तो पहिल्या पावसाच्या संध्याकाळी. गल्लीतल्या दिव्याखाली पंखवाल्या किड्यांचा खच पडला. आप्पांना लागून घर असलेले भाई सावरकुंडल्याचे, वराछाला हिऱ्याच्या कारखान्यात. मधली भिंत दोघांत एकच. भाई म्हणाले, "ए तो कीडी छे, आप्पा." मुंगी! आप्पांनी एक किडा वर्तमानपत्रावर घेतला आणि भाईंकडेच आयग्लास मागितला. "कंबर बघा. मुंगीची बारीक असते, हिला कंबरच नाही. आता पंख. चारही सारखे. मुंगीचे पुढचे मोठे." भाईंनी दहापट मोठं दाखवणारं ते भिंग डोळ्याला लावलं, कागद दिव्याकडे तिरपा केला, पुन्हा सरळ केला. लाखाच्या मालालाही एवढा वेळ देत नसतील. मग भिंग खिशात टाकत निकाल दिला, "उधई तो छे. पण तमारा घरनी छे."

महिनाभर ढोकळ्याची आणि पुरणपोळीची देवाणघेवाण बंद होती. शेवटी दोन्ही घरांत एकाच दिवशी ड्रिल लागलं, कारण एका बाजूनं मारलं तर ती दुसऱ्या बाजूला सुखानं राहते, हे आप्पांनी भाईंच्या बायकोला पटवलं. भाईंना पटवणं त्यांनाही जमलं नव्हतं.

लोक वाळवी लपवतात, ते आप्पांना कळतच नाही. घरात वाळवी म्हणजे घरात अस्वच्छता, असा एक समज आहे. "स्वच्छ सर्वेक्षणात २०२३ ला सुरत इंदूरच्या बरोबरीनं पहिली आली. गेली का वाळवी? ती केर बघत नाही, ओल आणि लाकूड बघते." पुतणीसाठी स्थळ बघायला अडाजणला गेलो, तेव्हा चहा येण्याआधी आप्पांनी चौकट वाजवली. मुलाचे वडील ताठ झाले. "डांगचा साग आहे आमचा. इंग्रजांनी १८४२ ला ते जंगल भाडेपट्ट्यानं घेतलं, ते ह्याच सागासाठी."

"साग आहेच," आप्पा म्हणाले, "पण हा बाहेरचा पांढरा भाग. वाळवी सोडते तो गाभा. तुमचा गाभा कुणाच्या घरी गेला, ते सुताराला विचारा."

आम्ही जमिनीकडे बघत होतो. स्थळ मात्र जमलं. लग्नाआधी त्या घरात कामगार येऊन गेले आणि खर्च हिशेबात 'रंगकाम' म्हणून पडला, हे मला पुतणीनं नंतर सांगितलं.

दिवसा आप्पा दिसले की दारं लोटून घेणारे लोक रात्री त्यांनाच बोलावतात. परवा साडेदहाला समोरचे पाटील अंधारात कुंपणाशी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आप्पा, जरा येता का? टॉर्च तेवढा सदऱ्याखाली घ्या."

"आलो!" गच्चीवरून आप्पांनी गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "कुठं लागलीय, देवघरात की बेडरूममध्ये?"