कोटेशन मामा

रात्री सव्वाअकराला फोन वाजला की चांगल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आमच्या कॉलनीत येत नाही. आम्ही एक डोळा उघडून मोबाईल समोर धरतो, सहा आकडे वाचून दाखवतो, पलीकडून "हां, झोप आता" असं ऐकू येतं, आणि आम्ही कूस बदलतो. मामांना ओटीपी पोचलेला असतो. माझ्या नंबरवरून परभणी ते पुणे स्लीपरचं एक तिकीट निघालेलं असतं.

मामा म्हणजे कोटेशन मामा. आईकडून, बायकोकडून कुठूनही ते माझे मामा लागत नाहीत. आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेला आणि सल्ला देणारा कुठलाही माणूस मामाच असतो. त्यांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या भांडार शाखेत गेली. तिथं टाचणीचा डबा घ्यायचा तरी तीन कोटेशन, सीलबंद लिफाफे, तुलनात्मक तक्ता आणि शेवटी 'न्यूनतम दर मंजूर' असा शेरा. माणूस निवृत्त झाला, शेरा झाला नाही. निरोप समारंभात अंगावर शाल पडली तेव्हा भाषणं चालू असतानाच त्यांनी शेजारच्या हेडक्लार्कच्या कानात विचारलं, "केवढ्याला बसली?"

कटिंग करायला मामांची तीन दुकानं ठरलेली आहेत. एक स्वस्त, पण तिथं मान मोडून देत नाहीत. दुसरा मान मोडतो, पण पेपर घेत नाही. तिसऱ्याकडे पेपर आहे, मान आहे, दर दहा रुपयांनी चढा आहे. मामांचे केस मोजकेच उरलेत, पण हा तक्ता अजून मंजूर झालेला नाही. मामींचं स्थळसुद्धा तिसरं कोटेशन होतं, असं मामी स्वतःच हसत सांगतात. पहिली दोन कोणती होती, हे त्यांनी पंचेचाळीस वर्षांत विचारलेलं नाही.

पण मामा खरे फुलतात ते ट्रॅव्हल्सच्या टेबलापाशी. ज्यांची पोरं पुण्यात आहेत त्यांना हे टेबल सांगायला नको, आणि परभणीत ज्यांची पोरं पुण्यात नाहीत असे किती? टपरीएवढं ऑफिस, फळ्यावर गाड्यांची नावं, टेबलावर काच, काचेखाली देवांचे फोटो आणि दिवाळीत कुणीतरी दिलेल्या चेकची झेरॉक्स. मामा बसत नाहीत. बसलं की गिऱ्हाईक पक्कं समजतात, असं त्यांचं म्हणणं.

"पुण्याला किती घ्यायलेत?"

पोरगा भाव सांगतो.

"पाण्याची बाटली?"

"हाय की मामा."

"अर्ध्या लिटरची का ती घोटभर?"

पोरगा मोबाईलमधून मान वर काढतो. मग चादर धुतलेली आहे का वापरलेली, चार्जिंगचं बटन चालतं का नुसतं आहे, गाडी खराडीला सोडते का वाघोलीलाच उतरा म्हणते, ढाब्यावर कुठं थांबते, तिथं चहा केवढ्याला. सिंगल लोअर पाहिजे, पण मागच्या चाकावरची नको. सगळं झाल्यावर मामा आवाज खाली आणतात आणि हुकमाचं पान टाकतात: "अकरा वर्षांपासून तुमच्याच गाडीनं चाललोय बाबा मी."

हेच वाक्य, याच आवाजात, त्याच रस्त्यावरच्या आणखी दोन टेबलांवर त्याच संध्याकाळी टाकलेलं मी ऐकलंय. आणि गंमत अशी की ते तिन्हीकडे खरं आहे. मामा अकरा वर्षं तिघांशीही एकनिष्ठ आहेत.

पूर्वी या वाक्याला किंमत होती, हे मात्र कबूल केलं पाहिजे. जुना एजंट माणूस आवाजावरून ओळखायचा. भाव एक रुपया उतरवायचा नाही, पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, अख्खी परभणी पुण्याला परत निघालेली असताना, "मामा, तुमच्यासाठी केबिनमध्ये एक ठेवलीय" म्हणायचा. खासगी गाड्यांनी एसटीच्या दीडपटीवर भाडं घेऊ नये, असा शासनाचा निर्णय २७ एप्रिल २०१८ चा आहे. त्याची झेरॉक्स मामांच्या शर्टाच्या खिशात चौघडी घालून असते. एका दिवाळीत त्यांनी ती टेबलाच्या काचेवर उलगडली. एजंटानं ती शेवटपर्यंत वाचली, घडी जशीच्या तशी घालून परत दिली आणि म्हणाला, "बरोबर हाय मामा. सीट पाहिजे का?" मामांनी सीट घेतली. जुन्या गिऱ्हाइकाला सवलत मिळत नाही, जागा मिळते. निष्ठेचा आमच्याकडचा भाव एवढाच आहे, आणि ज्यानं दिवाळीत उभ्यानं प्रवास केलाय त्याला तो कमी वाटणार नाही.

मग अ‍ॅप आलं आणि सगळा हिशेब उलटा झाला. अ‍ॅपवर सूट कुणाला? पहिल्यांदा बुक करणाऱ्याला. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक पूर्ण पैसे भरणार आणि काल जन्मलेलं गिऱ्हाईक दीडशे रुपये कमी देणार. मामांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते मामींच्या नंबरवरून नवीन गिऱ्हाईक झाले. मग मुलाच्या, सुनेच्या, घरमालकाच्या, दूधवाल्याच्या. माझ्यावरून दोनदा झालेत, कारण माझी दोन सिमकार्डं आहेत हे मी एकदा बोलून बसलो.

अशा माणसाच्या डोक्यात बोट कुणी घातली? मुलानं. लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला तो फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं क्रूझवर जाऊन या, पैसे मी देतो." जगात जर्मनी, भारतात परभणी हे आम्हाला मान्यच आहे, पण समुद्राचा आणि आमचा संबंध मिठापुरता. पाणी बघायला आम्ही गंगाखेडला गोदावरीवर जातो, पाऊस बरा झाला तर येलदरीला. त्यात "पैसे मी देतो" हे शब्द मामांना सर्वांत झोंबले. दुसऱ्याचे पैसे असले की तपासणी अधिक कडक, हा भांडार शाखेचा नियम.

दोनशे पानी रजिस्टर आलं. रकाने तीन: दर, सोयी, निष्ठा.

पहिल्या पानावर मुंबई-गोव्याची कॉर्डेलिया होती. ही कंपनी सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून बोट सोडते. "मॉडेल कोणतं?" मामांचा पहिला प्रश्न. मी शोधून सांगितलं की त्यांची 'एम्प्रेस' १९९० ची. आधी रॉयल कॅरिबियन या अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीकडे होती, मध्ये काही वर्षं स्पेनच्या पुलमंतूरनं चालवली, परत पहिल्याकडे गेली, मग इकडे आली. मामांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'थर्ड ओनर. इंजिन बघावे.'

दराच्या रकान्यात खरा घोळ झाला. जाहिरातीतला आकडा एक. त्याच्यावर बंदराचे पैसे वेगळे, नोकरमंडळींची बक्षिशी वेगळी आणि या सगळ्यावर जीएसटी. "बक्षिशी आधीच घेऊन ठेवायलेत? मग सेवा कशाच्या भीतीनं करतील?" हा प्रश्न, माझ्या मते, मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांनाही सुचलेला नाही. खोल्या चार तऱ्हेच्या: आतली, खिडकीची, गॅलरीची आणि राजेशाही. आतल्या खोलीला खिडकीच नसते म्हटल्यावर मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "मग समुद्र कुठं दिसणार?" मामा म्हणाले, "समुद्र वर डेकवर फुकट आहे." जेवणं भाड्यातच होती, दारू मात्र वेगळ्या पैशाची. मामा पीत नाहीत. तरी त्यांनी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन लावून विचारलं की न पिणाऱ्याला काही वजावट आहे का. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, दारू किमतीत धरलेलीच नाही." मामा म्हणाले, "ते कळलं. पण वातावरणाचा खर्च धरला असेल ना?"

त्याच फोनवर मामांनी शेवटी विचारलं, "हा दर किती दिवस वैध?"

"सर, आत्ता स्क्रीनवर दिसतोय तो."

"उद्या?"

"उद्या बदलू शकतो."

मामांनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या कोटेशनला तारीख नाही, मुदत नाही, लिफाफा नाही, ते कोटेशनच नव्हे. सकाळी एक आकडा, संध्याकाळी दुसरा, खोल्या भरत आल्या की तिसरा. ट्रॅव्हल्सवाला दिवाळीत तरी भाव वाढवतो, यांची दिवाळी रोज दुपारी तीन वाजता येते. रजिस्टरमध्ये एकाच बोटीच्या नावापुढे चौदा आकडे झाले आणि समासाची जागा संपली.

तिसरा रकाना मात्र मामांना आवडला. परदेशी बोटींवर जुन्या गिऱ्हाइकाला मान आहे. रॉयल कॅरिबियनच्या मंडळात रात्रीला एक गुण मिळतो. तीन झाले की गोल्ड, तीसला प्लॅटिनम, पंचावन्नला एमराल्ड, ऐंशीला डायमंड. डायमंडवाल्याला रोज काही पेयं फुकट असतात आणि त्याच्यासाठी वेगळी बैठकीची खोली असते. "बघ," मामा म्हणाले, "याला म्हणतात ओळख ठेवणं." मग त्यांनी पेन्सिल काढली. वर्षाला एक सफर, सफरीला चार रात्री, ऐंशी रात्रींना वीस वर्षं. मामा एकाहत्तरचे. डायमंड होणार एक्याण्णवाव्या वर्षी.

"गुण वारसांना जातात का, विचार."

खोलीत एकटा माणूस गेला तर बहुतेक दोघांचं भाडं एकट्याला बसतं, पण गुण रात्रीला दोन मिळतात, हे मी उगाच सांगितलं. मामांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत कढईवर झारा जरा जोरात आपटला. मामांनी ते खोडून टाकलं.

मला वाटलं, माणसाला जरा मोठी गोष्ट सांगावी. मी त्यांना चिदंबरम पिल्लई सांगितले. १९०६ साली तुतिकोरीनला त्यांनी स्वदेशी बोट कंपनी काढली आणि कोलंबोच्या मार्गावर इंग्रज कंपनीशी टक्कर घेतली. इंग्रजांनी भाडं पाडलं, यांनी त्याखाली नेलं. शेवटी, असं सांगतात, इंग्रज कंपनी उतारूंना फुकट न्यायला लागली आणि वर एकेक छत्रीही द्यायला लागली. तरी पैसे मोजून स्वदेशी बोटीतच चढणारे होते, असंही सांगतात. १९०८ साली पिल्लईंना तुरुंगात टाकलं आणि पुढे कंपनी बुडाली. दर एकीकडे, सोयी एकीकडे, निष्ठा एकीकडे, आणि त्या माणसांनी निष्ठा निवडली, असं मी जरा घसा दाटून सांगितलं.

मामा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "छत्री लांब दांड्याची होती का घडीची?"

मी म्हणालो, "मामा!"

"तसं नाही रे. कोलंबोला जायचं म्हणजे जाऊन यायचं. येताना परत एक द्यायचे का?"

आता मुंबईच्या बंदरापर्यंत पोचायचं कसं, याचं वेगळं रजिस्टर उघडलंय. नंदीग्राम, देवगिरी, तपोवन, आणि ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही परभणीला थांबते. पण मार्च २०२० मध्ये रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत काढून घेतली, त्या दिवसापासून मामा रेल्वेशी बोलत नाहीत. एसटीत मात्र पासष्टीच्या पुढे त्यांचं अर्धं तिकीट आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं, म्हणजे मामा-मामी मिळून एक अख्खा माणूस होतो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढे एसटी साफ फुकट आहे. मामांना त्याला चार वर्षं आहेत. "तोवर बोटीचे भाव खाली येतील," असं ते म्हणतात. मामी म्हणतात, "तोवर मला पोहता येईल."

मुलानं दिलेले पैसे मामांनी बँकेत ठेवलेत. तीन बँकांचे व्याजदर पाहून.

गेल्या गुरुवारी ते पुण्याला गेले, सिंगल लोअरनं, मागच्या चाकापासून लांब, 'प्रथमच प्रवास करणारे' म्हणून दीडशे रुपये कमी देऊन. त्या रात्रीचा ओटीपी आमच्या कॉलनीतल्या इस्त्रीवाल्याच्या फोनवर आला होता. कॉलनीतले नंबर आता संपलेत. तेव्हा एक विनंती: तुमच्या मोबाईलवरून त्या अ‍ॅपवर अजून एकही तिकीट निघालं नसेल, तर हे परभणीत कुणापाशी बोलू नका.