पाठीवरची पाणपोई

टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सची शंभर मैलांची सायकल शर्यत, साल १९८९. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या मायकेल आयडसनने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, मोज्यात कोंबली, ती शर्टाच्या पाठीवर शिवली आणि नळीला कपड्यांचा चिमटा लावला. त्यातून ‘कॅमलबॅक’ ही पाठीवरची नळीवाली पाण्याची पिशवी जन्मली.

तोच जुगाड आता हजारोंत मिळतो. कळसूबाईला निघालेला नवखा गडी हटकून तीन लिटरचीच पिशवी घेतो. म्हणजे पाठीवर तीन किलो नुसतं पाणी. चोखत राहायचं, उरलंय किती ते दिसत नाही. संपल्याचं कळतं ते शिडीपाशी, नळीतून सुर्र आवाज आल्यावर.

घरी परतल्यावर नळी कोण धुणार? आत लिंबू सरबत भरलं असेल तर पुढच्या ट्रेकपर्यंत बुरशीचं पीक तयार! जाणते लोक पिशवी धुऊन थेट फ्रीजरमध्ये टाकतात. मटारशेजारी.